थंडीत बाईक चालवताना हात का गारठतात? आणि ते गरम ठेवायचे कसे?

डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाईक किंवा स्कूटर काढणाऱ्या कुणालाही विचारा. अंगात स्वेटर, वर जॅकेट, डोक्याला हेल्मेट, आत कानटोपी असा सगळा बंदोबस्त असतो. तरी पाच-सात किलोमीटर झाले की बोटं आखडायला लागतात. आधी टोचल्यासारखं होतं, मग दुखतं आणि मग काहीच जाणवेनासं होतं.

दूध घालणारे, पेपर टाकणारे, भाजी घेऊन मार्केटला जाणारे शेतकरी, पहिल्या शिफ्टचे कामगार, रात्री उशिरा जेवण पोहोचवणारे डिलिव्हरी पार्टनर या सगळ्यांसाठी हा रोजचा अनुभव आहे. नाशिक जिल्ह्यातल्या निफाडमध्ये, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदवलेला पारा ५-६ अंशांवर आल्याची बातमी जवळपास दर हिवाळ्यात येते. नागपूर, गोंदिया, जळगाव, अहिल्यानगर आणि पुण्याच्या आसपासही पहाटेचं तापमान १० अंशांच्या खाली जातं.

'थोडी थंडी सहन केली की झालं' असं म्हणून आपण हा विषय सोडून देतो. पण गाडीचा ब्रेक याच बोटांच्या हातात असतो. त्यामुळे हात गारठणं हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. हात नेमके का गारठतात आणि त्यावर काय काय करता येतं, समजून घेऊया.

पारा १० अंशांवर, पण हाताला किती?

उभं राहिल्यावर १० अंशांची थंडी फार बोचत नाही. गाडी सुरू झाली की मात्र चित्र बदलतं. आपल्या त्वचेभोवती शरीराच्या उष्णतेने गरम झालेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा हा थर सतत उडवून लावतो आणि त्याजागी थंड हवा आणतो. त्यामुळे त्वचेतली उष्णता झपाट्याने निघून जाते. यालाच 'विंड चिल' म्हणतात.

अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान संस्था विंड चिल काढण्यासाठी जे सूत्र वापरतात, त्यानुसार हिशेब केला तर आकडे साधारण असे येतात.

हवेचं तापमान १० अंश असेल तर:
- ताशी २० किमी वेगाला जाणवणारी थंडी: ७ अंश
- ताशी ४० किमी वेगाला: ६ अंश
- ताशी ६० किमी वेगाला: ५ अंश

हवेचं तापमान ५ अंश असेल तर:
- ताशी २० किमी वेगाला: १ अंश
- ताशी ४० किमी वेगाला: उणे १ अंश
- ताशी ६० किमी वेगाला: उणे २ अंश

हे सूत्र चालणाऱ्या माणसाच्या उघड्या चेहऱ्यासाठी बनवलेलं आहे. त्यामुळे हँडलवरच्या हातासाठी हे आकडे अंदाज म्हणूनच घ्यायचे. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. सगळ्यात मोठा फरक पहिल्या २० किमी वेगातच पडतो. त्यापुढे वेग तिप्पट झाला तरी थंडी दोन-तीन अंशांनीच वाढते.

म्हणजेच 'हळू चालवली की थंडी लागणार नाही' हे फारसं खरं नाही. हळू चालवणं इतर कारणांसाठी चांगलंच आहे, पण हात गरम ठेवायचे असतील तर हातावर येणारा वारा अडवावा लागतो. पुढचे सगळे उपाय याच एका मुद्द्याभोवती फिरतात.

शरीर हातांचीच उष्णता का कमी करतं?

थंडीत शरीराची पहिली काळजी असते हृदय, मेंदू आणि पोटातले अवयव. त्यांचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहायलाच हवं. त्यासाठी शरीर हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं. गरम रक्त बोटांकडे कमी जातं आणि आत राखलं जातं.

बोटं मुळात बारीक असतात. त्यांच्यात मांस कमी आणि बाहेरचा पृष्ठभाग जास्त. त्यामुळे ती लवकर थंड होतात. त्यात बाईकवर हात सगळ्यात पुढे, थेट वाऱ्यात असतात आणि तासन्‌तास एकाच अवस्थेत मूठ आवळून धरलेले असतात. चालताना आपण हात हलवतो किंवा खिशात घालतो. इथे तीही सोय नाही. डावा हात क्षणभर मांडीखाली दाबून गरम करणारे बरेच जण दिसतात, पण उजवा हात थ्रॉटलवरून काढताच येत नाही. त्यामुळे बऱ्याचदा उजव्या हाताची बोटं आधी बधिर होतात. तशी एका हाताने गाडी चालवणंही धोक्याचंच.

ब्रेकशी याचा काय संबंध?

त्वचेचं तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की बोटांची सफाई कमी व्हायला लागते. नसांमधून संदेश जाण्याचा वेग मंदावतो, सांधे आखडतात, पकडीतली ताकद घटते. ८ अंशांच्या आसपास स्पर्शच नीट कळेनासा होतो. मग लिव्हर किती दाबला गेला, याचा अंदाज येत नाही. कधी ब्रेक कमी लागतो, तर कधी एकदम जोरात लागून पुढचं चाक घसरतं.

आता हिशेब बघा. ताशी ६० किमी वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. बधिर बोटांमुळे ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी ८ मीटर जास्त पुढे गेलेली असते. पहाटेच्या धुक्यात समोर अचानक उसाची ट्रॉली दिसली, तर हे ८ मीटर फार मोठे असतात.

स्कूटर चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोटरसायकलचा मागचा ब्रेक पायात असतो. गिअर नसलेल्या स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातातच असतात. म्हणजे बोटं बधिर झाली की दोन्ही ब्रेकवर परिणाम होतो.

पहिली पायरी: वारा अडवा

*हँड गार्ड:* लिव्हरच्या पुढे बसणारं प्लास्टिकचं कवच. ॲडव्हेंचर प्रकारच्या गाड्यांवर ते दिसतं, पण साध्या गाड्यांनाही बाहेरून बसवता येतं. त्याने हात पूर्ण झाकला जात नाही, मात्र बोटांच्या पाठीवर थेट आदळणारा वारा बऱ्यापैकी वळतो. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. गार्ड टाकीला, आरशाला किंवा केबलला अडत नाही ना, याची खात्री करा.

*हँडल कव्हर किंवा मफ:* हँडल, लिव्हर आणि हात असं सगळंच झाकणारी जाड पिशवी. उत्तर भारतात, तसंच चीन आणि दक्षिण कोरियात स्कूटरवाले हिवाळ्यात ती सर्रास लावतात. दिसायला विचित्र, पण कामाला चोख. आत पातळ हातमोजे घातले तरी भागतं आणि लिव्हरचा अंदाजही चांगला येतो. रोज पहाटे फिरणाऱ्यांसाठी आणि डिलिव्हरीवाल्यांसाठी कमी खर्चातला हा बहुधा सगळ्यात परिणामकारक उपाय आहे.

पण मफ घेताना दोन गोष्टी तपासा. एक, हात पटकन आत-बाहेर करता आला पाहिजे. दोन, मफ ताठ हवा. मऊ कापडाचा असेल तर वेगात वाऱ्याने मागे दबून तो ब्रेकच्या लिव्हरवर दाब देऊ शकतो. मग ब्रेक लाइट सतत लागून राहतो आणि ब्रेक घासत राहतो. मोकळ्या रस्त्यावर एकदा वेग घेऊन हे तपासून बघा.

*विंडस्क्रीन:* छातीवरचा वारा कमी करते. रुंद असेल तर हातांनाही थोडा आडोसा मिळतो. फक्त तिच्यावर अवलंबून राहू नका.

हातमोजे घेताना काय बघायचं?

रस्त्याकडेला मिळणारे लोकरीचे हातमोजे बाईकवर निराशा करतात. लोकर उबदार असते, पण तिच्या विणीतून वारा आरपार जातो. शिवाय रबरी ग्रिपवर ते घसरतात आणि पडल्यावर हाताचं संरक्षण करत नाहीत.

बाईकसाठी हातमोज्यांत या गोष्टी हव्यात:

- वारा न शिरणारा बाहेरचा थर. चामडं किंवा घट्ट विणीचं कापड. पाणी अडवणारा पातळ पडदा आत असेल तर उत्तम.
- आत उबेचं अस्तर. ऊब देते ती कापडात अडकून राहिलेली हवा. त्यामुळे हातमोजे फार घट्ट नकोत. घट्ट हातमोज्यांत हवेला जागा राहत नाही आणि बोटांचा रक्तपुरवठाही दबतो. बोटाच्या टोकाशी किंचित जागा राहील असा साइझ घ्या.
- लांब मनगट. मनगटावर रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळ असतात. जॅकेटची बाही आणि हातमोजा यांच्यात फट राहिली तर तिथून थंड हवा थेट बाहीत शिरते.
- तळहाताला पातळ, पाठीला जाड. वारा बोटांच्या पाठीवर लागतो. तळहात पातळ असेल तर थ्रॉटल आणि लिव्हर नीट जाणवतात.
- संरक्षण. मोटरसायकलच्या हातमोज्यांसाठी युरोपचं 'ईएन १३५९४' हे मानक आहे. लेबलवर ते लिहिलेलं असेल तर चांगलं.

काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत हातमोजे मिळतात. शक्य असेल तर दुकानात जाऊन, हाताला घालून आणि मूठ मिटून बघा. पहिल्यांदा घातल्यावर गाडी उभी असतानाच ब्रेक, क्लच, इंडिकेटर, हॉर्न सगळं वापरून पाहा. जाड बोटं लिव्हर आणि ग्रिपच्या मध्ये अडकत असतील, तर असे हातमोजे थंडीपेक्षा जास्त धोक्याचे.

एकाच जाड हातमोज्याऐवजी थर लावणंही चांगलं. आत रेशमी किंवा मेरिनो लोकरीचा पातळ हातमोजा, त्यावर बाईकचा हातमोजा. अर्थात वरचा तेवढा सैल हवा.

जुगाड: कोणते चालतात, कोणते नाही?

*मेडिकलमधले नायट्राइल हातमोजे:* चालतात. नेहमीच्या हातमोज्यांच्या आत हे पातळ हातमोजे घातले की वारा त्वचेपर्यंत पोहोचत नाही. तोटा इतकाच की घाम आत साठतो. त्यामुळे छोट्या अंतरासाठी किंवा अचानक थंडीत सापडल्यावर वापरा. गाडीच्या डिकीत एक जोडी पडून असू द्या.

*प्लास्टिकची पिशवी:* हातमोज्यांवरून बांधू नका. पिशवी ग्रिपवर घसरते आणि लिव्हरमध्ये अडकते.

*जॅकेटच्या आत वर्तमानपत्र:* जुनी आणि चालणारी युक्ती. छातीवर पेपरची घडी ठेवून वरून चेन लावली की वारा अडतो. हाताला याचा काय फायदा, ते पुढे येतंच आहे.

*गरम इंजिनला हात लावणं:* नकोच. वाटेत थांबून इंजिनला किंवा सायलेन्सरला हात टेकवणारे बरेच दिसतात. चालून आलेल्या गाडीच्या इंजिनचा बाहेरचा भाग १०० अंशांच्या पुढे सहज जातो, सायलेन्सर त्याहून तापलेला असतो. बधिर बोटांना चटका कळत नाही. कळतो तेव्हा भाजलेलं असतं.

*दारूचा घोट:* अजिबात नाही. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून क्षणभर ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीराची उष्णता जास्त वेगाने बाहेर पडते. पिऊन गाडी चालवणं हा गुन्हा आहे, ते वेगळंच.

*सिगारेट:* उलटा परिणाम. निकोटिनने बोटांतल्या रक्तवाहिन्या आणखी आकुंचित होतात.

हीटेड ग्रिप किती उपयोगाच्या?

हँडलच्या ग्रिपमध्ये तारा घालून त्या विजेवर गरम करायच्या, अशी ही सोय. परदेशात आणि महागड्या गाड्यांवर ती कंपनीकडूनच मिळते. साध्या गाड्यांसाठी बाहेर बसवण्याचे किटही ऑनलाइन दिसतात.

दोन्ही ग्रिप मिळून साधारण ३० ते ५० वॉट वीज घेतात. म्हणजे आणखी एक हॅलोजन हेडलाइट जोडल्यासारखंच. १००-१२५ सीसीच्या गाड्यांची चार्जिंग यंत्रणा बेताची असते. त्यामुळे हा भार गाडीला पेलवेल का, ते चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला आधी विचारा. बसवताना रिले आणि फ्यूज हवाच. इग्निशन बंद केल्यावर ग्रिपही बंद झाल्या पाहिजेत, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली सापडेल. नव्या गाडीत वायरिंगला हात लावण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा.

आणखी एक मर्यादा म्हणजे ग्रिप तळहात गरम करतात. बोटांची पाठ वाऱ्यातच राहते. म्हणून हीटेड ग्रिपसोबत हँड गार्ड किंवा मफ असेल, तरच त्यांचा पुरेपूर फायदा मिळतो.

बॅटरीवर चालणारे हीटेड हातमोजेही मिळतात. मधुमेहामुळे हाताची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र कोणताही हीटर जपून वापरावा. कमी तापमानाची उष्णताही बराच वेळ लागून राहिली तर त्वचा भाजू शकते.

हात गरम हवेत? मग छाती झाका

हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. छाती आणि मान थंड पडली की शरीर लगेच हातांचं रक्त कमी करतं. मग कितीही महाग हातमोजे घाला, आत गरम रक्तच येत नसेल तर ते गरम काय ठेवणार? हातमोजे स्वतः उष्णता तयार करत नाहीत, असलेली राखतात.

म्हणून वारा न शिरणारं जॅकेट घ्या. स्वेटर आत आणि जॅकेट किंवा विंडचीटर बाहेर, हा क्रम पाळा. गळ्याला मफलर किंवा बफ बांधा, पण मफलरची टोकं जॅकेटच्या आत खोचा. लोंबणारी टोकं चाकात किंवा चेनमध्ये अडकू शकतात. पूर्ण बाह्या हव्यातच, कारण बोटं मिटवणारे बरेचसे स्नायू बोटांत नसून कोपर ते मनगटाच्या भागात असतात. तो भाग थंड पडला की पकड ढिली होते.

स्कूटरवर पुढे उभं राहणाऱ्या लहान मुलांचाही विचार करा. सगळा वारा आधी त्यांच्यावर येतो आणि त्यांची बोटं मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. सकाळच्या शाळेला नेताना त्यांना मागे बसवा. हेल्मेटसोबत हातमोजेही घाला.

ओल्या हातमोज्यांपासूनही सांभाळा. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. दव किंवा धुक्याने हातमोजे ओले होत असतील तर दुसरी कोरडी जोडी सोबत ठेवा. घरातून निघताना हात आधीच गरम असू द्या. थंड पडलेला हात हातमोज्यात घातला तर तो बराच वेळ थंडच राहतो.

वाटेत बोटं बधिर झाली तर?

लिव्हर नीट जाणवत नसेल तर गाडी बाजूला घ्या. पाच मिनिटं उशीर झाला तर होऊ द्या.

- हातमोजे काढून हात काखेत दाबून धरा. तिथे शरीराची ऊब सगळ्यात सहज मिळते.
- हात खांद्यातून मोठ्या गोलात फिरवा. त्याने रक्त बोटांच्या टोकाकडे ढकललं जातं.
- मुठी उघडा-मिटा, जागेवर थोडं चाला.
- टपरीवर थांबलात तर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरा. शेकोटी असेल तर अंतर ठेवून शेका, कारण बधिर हाताला आचेचा अंदाज येत नाही.
- घरी पोहोचल्यावर कढत पाण्यात हात घालू नका. कोमट पाणी घ्या आणि ते किती गरम आहे हे कोपराने किंवा दुसऱ्या कुणाला तपासायला सांगा.

हात गरम होताना ठणका लागतो आणि मुंग्या येतात. ते थोड्या वेळात थांबतं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

थंडीत बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर आणि गरम झाल्यावर लाल होत असतील, तर तो 'रेनॉड्स' नावाचा त्रास असू शकतो. यात बोटांतल्या रक्तवाहिन्या थंडीला गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देतात. थंडी नसतानाही मुंग्या येणं, रात्री हात बधिर होऊन जाग येणं, बोटांवर जखमा होणं, हेही अंगावर काढू नका.

महाराष्ट्रात हवेचं तापमान बहुतेक वेळा शून्याच्या वरच राहतं. कितीही वारा असला तरी त्वचा हवेच्या तापमानाच्या खाली जात नाही, त्यामुळे इथे हिमदंशाची भीती नसते. लडाखच्या राइडला जाणाऱ्यांसाठी मात्र गणित वेगळं आहे. समुद्रसपाटीपासून ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीत भर उन्हाळ्यातही बर्फ पडू शकतो. तिथे बोटं पांढरी किंवा मेणासारखी कडक झाली तर चोळू नका, बर्फ लावू नका. हात झाका, खाली उतरा आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या.

थोडक्यात

१. वारा अडवा: हँड गार्ड किंवा मफ.
२. हातमोजे वारा न शिरणारे, लांब मनगटाचे आणि किंचित सैल घ्या.
३. छाती, मान आणि बाह्या आधी झाका.
४. हातमोजे कोरडे ठेवा, जास्तीची जोडी सोबत ठेवा.
५. विजेवर चालणारे उपाय सगळ्यात शेवटी, गाडीची क्षमता तपासून.
६. ब्रेकचा लिव्हर जाणवेनासा झाला की थांबा.

यातल्या सगळ्याच गोष्टी एका दिवसात करायची गरज नाही. उद्या पहाटे निघायचं असेल, तर आज रात्री कोरडे हातमोजे, मफलर आणि जॅकेटच्या आत घालायला एक जुना पेपर काढून ठेवा. सुरुवात तेवढ्यावरही होते.